वीणा कुणाच्या गळ्यात?

ज्या वर्षी आमचा जिल्हा परभणीचा हिंगोली झाला, त्याच वर्षी हट्ट्याजवळच्या आमच्या गावात सप्ताहाचा कारभार शेषरावांकडे आला. जिल्हा नवा आहे, तर सगळं शुद्धच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

सप्ताहात वीणा आठवडाभर खाली टेकत नाही. एकाने ती गळ्यात घालून उभ्याने पहारा द्यायचा. दुसरा आला की त्याच्या पाया पडून त्याच्या गळ्यात घालायची. शेषरावांनी त्या वर्षी आधी माणसं तपासली. एकाने अंडं खाल्लेलं निघालं. एकाच्या बायकोने खाल्लेलं निघालं. हसायच्या सवयीमुळे मला टाळ देऊन मंडपाच्या पार टोकाला बसवलं. दगडोबाने दिवाळीपासून दारू सोडलेली. तो हात जोडून म्हणाला, "मामा, एक पहारा मला द्या."

"दिवाळीपासून माझी म्हैसबी पिली न्हाई," शेषराव म्हणाले. "तिला देऊ का?"

शेवटी लायक माणसं दोनच उरली: स्वतः शेषराव आणि त्यांचे वसमतचे साडू.

आणि एका दुपारी साडूंची एसटी आलीच नाही. शेषराव उभेच. आधी ते या पायावरून त्या पायावर गेले. मग त्यांच्या अभंगाची लय वाढली. आम्हाला वाटलं, भक्ती चढली. त्यांच्या बायकोला, आशाबाईंना, तसं वाटलं नाही.

"काहून नाचून राहिले?"

"लघवी लागली," शेषराव दोन चरणांच्या मधे म्हणाले.

"मंग जा की."

"आन् वीणा?"

"घेऊन जा."

"देवाला घेऊन? तिकडं?"

वीणा टेकली तर सप्ताह मोडणार. नाही टेकली तर धोतराचं काही खरं नव्हतं. शेषरावांनी मंडपभर नजर फिरवली. ज्याच्यावर ती थांबे, तो आपलं अंडं आठवून खाली बघे.

"गावात एकबी धड माणूस न्हाई!" ते कळवळले.

"तुमची तपासणी कोनं केली व्हती?" आशाबाई म्हणाल्या. "मी करू का?"

"नको," शेषराव लगेच म्हणाले.

पण ती तपासणी आतल्या आत सुरू झाली असावी. अशा घाईत माणूस स्वतःकडे थोडकंच बघतो, पण नेमकं बघतो.

"सख्ख्या भावाशी बोलत न्हाई मी," ते पुटपुटले. "बांधावरच्या लिंबापायी."

"तो लिंब कवाच वाळला."

"व्हय. जाळलाबी आपणच."

मग त्यांनी हाक मारली, "दगडू!"

दगडोबा पंगतीची भांडी घासत होता. हात पुसत आला. शेषराव पाया पडायला वाकू लागले.

"मामा, राहू द्या. तकलीफ हाय तुमाला."

"गप. पडू दे बराबर."

ते वाकले. सगळ्या मंडपाने श्वास रोखला. ते उठले, वीणा दगडोबाच्या गळ्यात घातली आणि बाभळींच्या दिशेने असे धावले, की कुत्रीसुद्धा मागे लागायचं विसरली.

हातपाय धुऊन परत आले, तेव्हा ते आता वीणा मागतील असंच सगळ्यांना वाटलं. दगडोबा डोळे मिटून उभा होता. त्याची बोटं इतकी थरथरत होती, की तार न छेडताच वाजत होती. कोणीतरी खिदळलं. तो मी नव्हतो, हे नमूद करतो.

"हात कापून राहिले व्हय?" शेषरावांनी हळूच विचारलं.

"सोडल्यापासून. सकाळी तर लईच." दगडोबा ओशाळला. वीणा काढायला लागला. "घ्या मामा, पडंल माझ्याकडून."

शेषरावांनी दोन्ही हात मागे घेतले.

"सकाळचा पहाराबी तुझाच," ते म्हणाले. "मी संगट उभा राहतो. कापले तर दोघं मिळून धरू."

दगडोबाने वीणा परत गळ्यात सारखी केली. शेषराव त्याच्या शेजारी उभे राहिले, वीणेच्या भोपळ्याखाली तळहात धरून. तार अजून थरथरत होती. आम्ही टाळ तिच्या लयीत घेतला.