पापनाशमच्या स्टँडवरची भुवना

अंबाच्या लिहिण्याला वेळ होता तो कॉफीचं डिकॉक्शन गळेपर्यंतचा. पहाटे फिल्टरमध्ये पूड दाबून भरली, उकळतं पाणी ओतलं, की ती ओट्याशी उभ्याउभ्याच लिहायला लागायची. थेंब थांबले की कथाही थांबली. मग दारात कोलमची रांगोळी, नवऱ्याचा डबा आणि टाऊन बस धरून कॉलेजचं ऑफिस. रविवारी ती पूड जरा जास्तच दाबायची, थेंब सावकाश पडावेत म्हणून. कॉफी कडू व्हायची, पण कथा पुढे सरकायची.

लिहायची मराठीत, अक्षरं मात्र तमिळ. घर पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखातलं, घरातलं बोलणं मराठी आणि शाळा तमिळ, त्यामुळे देवनागरीशी तिची ओळख झालीच नव्हती. ती ओळख होती शेजारच्या चिदंबरकाकांची, पोथ्या वाचून वाचून झालेली. अंबाची कथा तेच देवनागरीत उतरवून पुण्याच्या मासिकाला धाडत आणि तिकडून आलेलं उत्तरही तेच वाचून सांगत. उत्तर नेहमी एकच. अंकात जागा नाही म्हणतात.

नकार आला की अंबा पायसम, म्हणजे खीर, करायची. रडत बसण्यापेक्षा दूध ढवळत उभं राहिलेलं बरं, हातालाही काम आणि शेवटी वाटीत काहीतरी पडतं. तिचा नवरा रमण ऑफिसातून आला की आधी तुपाचा वास घ्यायचा आणि मग चेहरा पाडायचा. क्रम कधी चुकायचा नाही.

या वेळी मात्र तिनं सांगून टाकलं होतं, ही कथा परत आली तर लिहिणं बंद. रमणनं घाबरून विचारलं, पायसमही? तेही बंद, ती म्हणाली.

कथा होती भुवनाची. पापनाशमच्या बसस्टँडवर भावाची वाट बघत बसलेली मुलगी. भाऊ येत नाही, दिवे लागतात, कथा संपते. अंबाला ती आपली सगळ्यात खरी कथा वाटत होती.

एका दुपारी पुण्याहून चक्क फोन आला. संपादकबाई फार गोड बोलत होत्या. भाषा वेगळी आहे, वाचताना तोंडात घोळते म्हणाल्या. मग जरा अडखळून त्यांनी विचारलं, "पण तुमच्या प्रत्येक कथेत शेवटी सगळे स्वामीमलैला दर्शनाला का जातात हो?"

अंबाला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा फोन चुकून आपल्याला लागला.

संध्याकाळी ती काकांकडे गेली. ते अंगणात केळफूल सोलत बसले होते. तिची चाल ऐकूनच त्यांनी मान आणखी खाली घातली.

"काका, भुवनाचा भाऊ आला?"

"आला की. उशीर झाला, पण आला."

"मी नव्हता आणला त्याला."

"तू नाही आणलास म्हणून मला आणावा लागला." काकांनी एक पाकळी उगाच दोनदा सोलली. "काळोख पडत होता, अंबा. तरणी पोर स्टँडवर एकटी. तिला तशीच ठेवून मी जेवायला कसा बसू?"

मग एकेक बाहेर पडलं. मागच्या कथेतली मेलेली गाय उठून चरायला गेली होती. त्याआधीच्या विधवेचा मुलगा परदेशातून परतला होता, सुनेसकट. आणि शेवटी सगळ्यांना काकांनी स्वामीमलैला नेऊन आणलं होतं. आणि शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो, असं पुण्याहून दर वेळी कळवत होते. ते तिला लागेल म्हणून काकांनी त्याचं 'जागा नाही' करून टाकलं होतं.

अंबाला रागवायचं होतं. पण इतकं पायसम आपण काकांच्या शेवटांपायी ढवळलं, हे डोक्यात आलं आणि तिला हसूच फुटलं. काकाही हसले, जरा भीत भीत.

दुसऱ्या दिवशी तिनं काकांना समोर बसवून कथा पुन्हा उतरवून घेतली. लिहिलेली ओळ मोठ्यानं वाचायची, मगच पुढची. शेवटाशी काकांचा हात थांबला.

"निदान बस तरी येऊ दे."

"नाही, काका."

त्यांनी लिहिलं आणि त्या दिवशी तिच्याकडची कॉफी नाकारली.

उत्तर आलं तेव्हा काकांनी ते एक शब्द न गाळता वाचलं. शेवट उत्तम, पण मधला भाग रेंगाळतो, म्हणून घेता येत नाही. पुढची कथा जरूर पाठवा. अंबानं ते पुन्हा वाचायला लावलं. मधला भाग रेंगाळतो. तो मधला भाग अगदी तिचा स्वतःचा होता, त्यात कोणी बोट घातलं नव्हतं. तिचा पहिला खरा नकार. तिनं पायसमात मूठभर काजू जास्त घातले. रमण वासानं आत आला, पण चेहरा पाडायचं विसरला.

काका वाटी पुसून खात होते. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

"म्हणजे ती पोर अजून तिथंच?"

अंबानं त्यांच्या वाटीत आणखी पायसम वाढलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पूड चांगली दाबून भरली, पाणी ओतलं आणि नव्या कथेची पहिली ओळ लिहिली. कुंभकोणमकडून शेवटची बस पापनाशमच्या स्टँडवर आली, आणि भुवना भावाची वाट न बघता तिच्यात चढली.

मग कागद तसाच ठेवून ती कुंपणाशी गेली आणि काकांना हाक मारली, कॉफी घ्यायला या म्हणून.