माझ्या नावाचं ताट

माझ्या पाठीवर पाण्याचे फोड उठले, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी, शेवंतावहिनींनी, "नागीण आहे" असं जाहीर केलं आणि महिनाभर गेरू फासला. फोड फुटत गेले, तोंडातही आले, भात गिळवेना. मग त्यांनी एक ताट, वाटी, पेला बाजूला काढून दुकानातून त्यावर माझं नाव कोरून आणलं. "पोरं चुकून यात जेवायला नकोत," म्हणाल्या. माझ्या तोंडावर.

शेवटी ठाण्याच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नव्या फोडाचा आणि शेजारच्या चांगल्या कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. पेम्फिगस निघाला. माझंच शरीर माझ्या कातडीवर उलटलं होतं. "हे कुणाचं कुणाला लागत नाही," त्यांनी ठणकावून सांगितलं. स्टेरॉइडच्या गोळ्या, नंतर सलाईनमधून इंजेक्शनं. आठ महिन्यांनी पाठ कोरडी झाली.

घरी सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरांचं काय जातंय बोलायला?" ताट वेगळंच राहिलं.

गेल्या आठवड्यात त्या माहेरी गेल्या. मी घरातली सगळी भांडी, त्यांच्या रुखवतातल्या डब्यांसकट, पोत्यांत भरून रिक्षाने डोंबिवलीतल्या त्याच दुकानात नेली.

काल त्या परतल्या. मी वाढलं. त्यांनी ताट बघितलं, वाटी बघितली, उठून अख्खी मांडणी धुंडाळली. चमच्यापर्यंत सगळ्यांवर एकच नाव होतं, प्राची.

"बसा वहिनी, जेवा," मी म्हणाले. "घरात दुसरं ताट नाही."