खळ्यावरचा जबाब

वारा मंद असला की सुपातून सोडलेल्या भाताचा भरला दाणा पायाशीच पडतो आणि फोल दोन हात पुढे जातं. अर्धवट भरलेला दाणा मधल्या पट्ट्यात पडतो. तो राशीत ढकलायचा की बाहेर, यावर शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यात दरवर्षी वाद होतो. यंदा नवशाच्या खळ्यावर वाद झाला नाही. सगळ्यांचं लक्ष नवशाच्या तोंडाकडे होतं.

नवशाचा मेहुणा गोमा तुरुंगात होता. मोहाच्या झाडाच्या वाटणीवरून त्याने नवशाच्या खांद्यावर कोयता घातला होता. आता गोमाच्या पोरीचं, रोशनीचं लग्न ठरलं होतं आणि त्यासाठी त्याने पॅरोल मागितला होता. ज्याला मारलं त्याची हरकत आहे का, गोमा आला तर पुन्हा भांडण होईल का, हे विचारायला हवालदार जगदीश पाड्यात खेपा घालत होते. निर्णय वरचे साहेब घेतात, मी फक्त अहवाल पाठवतो, असं ते दर खेपेला सांगत. पाड्याला ते पटत नव्हतं. नवशा हो म्हणाला की तुरुंगाचं दार उघडतं, अशी सगळ्यांची समजूत. त्यामुळे नवशाला भाव आला होता. कुणी ओढ्यातले मासे आणून देई, कुणी भारे वाहायला बैल देई. तो सगळं घेई आणि हवालदारांना सांगे, कापणी होऊ दे. कापणी झाल्यावर म्हणाला, झोडणी होऊ दे.

"याचा जबाब म्हंजे भाकड म्हशीची धार," शेजारची जनाबाई म्हणाली. "रोज बसायचं नि रिकामी चरवी उचलायची."

गोमाची बायको जिवली म्हणजे नवशाची सख्खी बहीण. तिने भावाला एकदाही विनवलं नव्हतं. त्या दिवशी तिने हवालदारांना वाटेतच गाठलं आणि सांगितलं, घरी जाऊ नका, रास लागलीय, खळ्यात जा, पण बूट बाहेर काढा.

हवालदार मोज्यांवर, भाताची टोचरी कुसं चुकवत, राशीपाशी येऊन उभे राहिले. रास लागल्यावर खळ्यात आलेल्याला आमच्याकडे कुणी रिकाम्या हाताने परत लावत नाही. नवशाने लगेच सूप भरून पुढे केलं. हवालदार मागे सरले. भात घेतला तर नोकरी जाईल म्हणाले.

"मंग काय देऊ, साहेब?"

"जबाब द्या."

झोडणाऱ्यांचे हात थांबले. नवशाने बहिणीकडे पाहिलं. ती खाली मान घालून सांडलेले दाणे लोटत होती.

"हे तूच शिकवलंस ना गो, जिवले?"

"मी कशाला शिकवू, दादा? मागनारा खळ्यात आलाय. नाय म्हनायचं तर नाय म्हन. पन काय तरी घाल त्याच्या पदरात."

नवशाने सूप खाली ठेवलं. कोयत्याच्या घावाने पावसाळ्यात आपला हात वर जात नाही, हे लिहून घ्यायला लावलं. गोमाने मोहाच्या झाडाखाली फिरकायचं नाही, हेही लावलं. आल्यावर त्याला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागेल ना, हे दोनदा विचारून घेतलं. जगदीश पेन धरून थांबले होते. जिवलीची केरसुणी एकाच जागी फिरत होती.

"लिवा, साहेब," नवशा म्हणाला. "माजा राग हाय तो हायच. पन पोरीच्या मांडवात बाप पायजे. माजी हरकत नाय."