माघारीची हाक

म्हातारीच्या घरात शवासनाला सासऱ्यांनी घालून दिलेला एक नियम होता. निजलेल्यानं आपणहून उठायचं नाही. दुसऱ्यानं उशाशी बसून शंभर श्वास मोजायचे आणि हाक मारायची. "देह टाकून लांब गेलेल्याला कुणीतरी बोलवायला नको?" असं सासरे म्हणायचे. लोक हसायचे. हसू देत, दात त्यांचे. चाळीस वर्षं नवराबायकोनं रोज पहाटे एकमेकांना परत आणलं. तो म्हणायचा, "ये गं माघारी." ती म्हणायची, "या हो माघारी."

आठ महिन्यांपूर्वी गॅसवर दूध उतू जायला लागलं म्हणून ती सत्तराव्या श्वासाला त्याच्या उशापासून उठली. येऊन हाक मारली. तो आला नाही.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. पण दुधापायी हाकेला उशीर झाला, हे म्हातारीच्या मनानं घेतलं ते घेतलंच. बोलली कुणापाशी नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईनं स्वतःची कोणत्या तोंडानं सांगावी?

तेव्हापासून ती आसनं सगळी करी. गुडघे करकरले तरी कपाळ टेकवी, प्राणायाम करी, आणि शवासन आलं की चटई गुंडाळी. शेजारी त्याची चटई मात्र रोज अंथरलेली.

"आई, शेवटचं निजायचं राहिलं की," सून म्हणायची. "आमच्या क्लासला निम्मे लोक त्याच्यासाठीच येतात."

"घोरायला क्लास कशाला लागतो?"

"घंटी वाजली की उठतो आम्ही!"

"घंटीवर शाळेतली पोरं उठतात."

एका रविवारी चटई गुंडाळायला गेलेला हात तसाच थांबला. कंटाळा आला होता बाईला, स्वतःचाच. ती आडवी झाली. शंभर श्वास झाले, दोनशे झाले. हाक मारणार कोण? आणि नियम मोडून उठेल ती म्हातारी कसली!

सून चहा घेऊन आली आणि किंचाळलीच. "आई! अहो आई!"

"हलवू नकोस. आहे जिवंत."

"मग उठा ना! जीव घेतलात माझा."

"हाक मार, मग उठते. हे म्हणायचे, ये गं माघारी."

"तुम्हाला 'ये गं' म्हणू? वर्षभर ऐकवाल मला!"

"मग मी म्हणायचे तसं म्हण. या हो माघारी. आधी शंभर श्वास मोज. गॅसवर काही ठेवलंयस?"

"असेना. जाईल उतू."

सून उशाशी बसली. मोजताना मधले दहाबारा गिळले तिनं. म्हातारीला कळलं, पण ही चूक तिनं सोडून दिली. मग सारं लांब लांब गेलं.

"या हो माघारी."

चारपाच बंद खोल्यांपलीकडून यावी तशी हाक आली. शब्दन्‌शब्द स्पष्ट. फक्त यावंसं वाटत नव्हतं. गुडघे दुखत नव्हते, कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

त्यालाही ऐकू गेलं होतं तर. चांगलं ऐकू गेलं होतं. ऐकून आला नाही, लबाड.

"आई, या ना हो माघारी." सुनेनं आता आवाज चढवला.

म्हातारी उजव्या कुशीवर वळली. समोर त्याची चटई, सुरकुतीसुद्धा नसलेली.

"आले," ती म्हणाली. "ओरडू नकोस."

उठून बसल्यावर तिनं आधी त्याची चटई गुंडाळली.