मधले दोन खांब

दातांच्या डॉक्टरांना कुठलीही गोष्ट उपटून टाकायची भारी घाई असते. पोर्चमध्ये उभं राहून त्यांनी समोरच्या चार खांबांकडे बोट केलं आणि म्हणाले, "मॅडम, कडेचे राहू देत, मधले दोन काढायचे. एकदम प्लेन हवंय. असलं हल्ली कोण ठेवतं?"

असलं म्हणजे गोल, पन्हळीदार, डोक्यावर वळलेल्या पानांचा गुच्छ असलेले खांब. तीस वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या वडिलांनी कॅलेंडरवरचा कुठलासा राजवाडा दाखवून ते हौसेने करवून घेतले होते. ज्या गवंड्याने ते केले, तो माझा बाप.

मी आर्किटेक्ट आहे आणि लोकांच्या हौसेने माझ्या नाकी नऊ आलेत. आधी माणसं लाकडाचे खांब कोरायची. मग दगडाचे आले, तर दगडात लाकडाची नक्षी हवी. मग सिमेंट आलं, तर ते दगडासारखं दिसायला हवं. मधे काही वर्षं सगळ्यांना काचा हव्या होत्या, मग उन्हाने भाजून निघाल्यावर त्याच काचांना आतून जाड पडदे. आता या डॉक्टरांना भिंतींवर काँक्रीटसारखा दिसणारा रंग हवा होता. भिंती काँक्रीटच्याच होत्या! मी हे सांगितलं तर म्हणाले, "हो, पण ते दिसत नाही ना."

डॉक्टरांचं एक वेळ परवडलं. घोडं अडलं होतं ते घरी.

"मधले दोन पाडू नकोस," बाबा म्हणाले.

"का?"

"नको म्हणजे नको."

"बाबा, कारण सांगा. तुमच्या हातचे आहेत म्हणून?"

त्यावर त्यांनी जे तोंड मिटलं ते आठ दिवस उघडलं नाही. आई पोस्टमन झाली. "बाबांना विचार, चहा घेणार का." "तिला सांग, घेतला." एका टेबलावर बसून हे चालायचं. सत्तरीचा माणूस गाल फुगवून बसला की काय करायचं असतं, ते कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

मला वाटायचं, हा निव्वळ अहंकार. कारण मधले दोन खांब शोभेचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या नकाशात तसं स्वच्छ लिहिलं होतं, खाली इंजिनिअरसाहेबांची सही होती. भार कडेच्या दोन खांबांवर, मधले दोन नुसते दिसायला. नंतर डॉक्टरांच्या वडिलांनी पोर्चवर एक खोली चढवली. आता तिथे डॉक्टरांच्या आई राहतात. त्या खोलीचं वजन धरूनही माझं गणित सुटत होतं. काठावर, पण सुटत होतं.

शोभेचा खांब वरच्या तुळईला कधी टेकवत नाहीत. वर बोटभर फट ठेवतात आणि ती प्लास्टरने बुजवतात, म्हणजे तुळईचं ओझं त्याच्यावर येत नाही. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, मी आठ वर्षांची असताना. प्लास्टर खरवडून करवतीचं पातं त्या सांध्यात सरकवायचं. आरपार गेलं तर खांब शोभेचा, अडलं तर खरा. मला तो खेळ वाटायचा. बाबांबरोबर ज्या कामावर जाईन तिथे मी पातं घेऊन फिरायची.

पुढे कॉलेजात हेच ज्ञान मी बाबांवर उलटवलं. "इमारतीने खोटं बोलू नये" असा निबंधाचा विषय होता. मी याच पोर्चचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'माझ्या वडिलांचे खोटे खांब.' वर्गात हशा पिकला, मला पहिला नंबर मिळाला. घरी येऊन तो निबंध मी मोठ्याने वाचूनही दाखवला. आई हसली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकला आणि हात धुवायला उठले. तेव्हा मला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही.

कामाच्या दिवशी सकाळी माणसं घण घेऊन हजर झाली. डॉक्टर मोबाइलवर व्हिडिओ काढायला सज्ज. वरच्या खोलीत डॉक्टरांच्या आईंचा रेडिओ चालू होता, त्या काही केल्या खाली यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, बसू देत, पोर्चचं तर काम आहे.

तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली. बाबा. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं पातं काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"आधी हे घाल."

आठ दिवसांनी पहिलं वाक्य, तेही सगळ्या माणसांसमोर. माझं डोकंच फिरलं. "बाबा, घरी जा. इथे तमाशा नको."

"घाल म्हणतो ना."

त्यांना घालवायचं म्हणून मी स्टुलावर चढले. पानांच्या वरचं प्लास्टर खरवडलं. पातं दोन बोटं आत गेलं आणि अडलं. दुसऱ्या बाजूने घातलं, अडलं. आणखी खरवडलं, तर खांबातून निघालेल्या सळ्या सरळ वर तुळईत गेलेल्या. शेजारच्या खांबाचंही तेच. खोलीसकट ती तुळई इतकी वर्षं चौघांवर टेकून होती, दोघांवरचं माझं काठावरचं गणित तिला लागूच नव्हतं, आणि मी तिचे दोन पाय घणाने काढायला निघाले होते. वर रेडिओवर बातम्या लागल्या होत्या.

"काम बंद," मी म्हटलं. मी स्टुलावरून उतरले.

"अहो, पण नकाशात..." डॉक्टर म्हणाले.

"नकाशा चुकला. खांब राहणार. तुमचं प्लेन नंतर बघू."

मी बाबांना हाताला धरून फाटकाशी नेलं. "हे काय आहे?"

"खांब आहे."

"बाबा!"

ते सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिले. "साहेबांनी फट ठेवायला सांगितली होती. मला जमेना. एवढा खांब उभा करायचा आणि त्याला टेकू द्यायचं नाही? खाली पाया घेतला, आत सळ्या घातल्या, वर टेकवला. साहेबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, गवंड्याने डोकं चालवू नये."

"मला सांगायचं! या आठ दिवसांत एकदा तरी!"

"तू नकाशा दाखवला असतास."

दाखवला असता. नक्की दाखवला असता, वर सहीवर बोटही ठेवलं असतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं.

"मग निबंध वाचला त्या दिवशी का नाही बोललात? तुम्हाला भर घरात खोटं म्हटलं मी. तेव्हा तरी बोलायचं ना!"

बाबांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं.

"तुला पहिला नंबर मिळाला होता ना," ते म्हणाले.