यंत्राच्या पोटातली वर्दळ

मी किटवे शहरातल्या रक्तपेढीतला एक जुना संगणक आहे, मित्रांनो. एका शाळेने मला अडगळीत टाकलं होतं. इथली यंत्रं सांभाळणाऱ्या नामुकोलोने मला उचलून आणलं, पुसलं आणि एकच काम दिलं: पहारा. शेजारच्या मोठ्या यंत्राच्या पोटात चार आभासी संगणक नांदतात, म्हणजे यंत्र एकच, पण आत चार वेगळे संगणक असल्यासारखी कामं चालतात; रक्ततपासणीचे निकाल त्यातलाच एक सांभाळतो. त्या यंत्राच्या बाहेरच्या तारेवरून किती माहिती येते-जाते ते मी मोजायचं आणि गर्दी झाली की लाल दिवा लावायचा. आमच्या साहेबांना सगळे आदराने बा चिलेशे म्हणतात. माझा हिरवा दिवा बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. केवढं कौतुक होतं माझं!

त्या दिवशी सकाळभर वीज नव्हती. दुपारी ती आली, पण तपासणीचे निकाल काही केल्या उघडेनात. रक्ताच्या पिशव्या फ्रीजमध्ये होत्या. पण त्यातली निर्धोक कोणती, हे निकालाशिवाय कळणार कसं? तिकडे प्रसूतिगृहात म्वांगला नावाची बाळंतीण पांढरीफटक पडत चालली होती. तिची आई आमच्या दारात उभी होती.

"पोरी, हात जोडते गं, लवकर कर!" ती नामुकोलोला म्हणाली.

"आत गर्दी झाली असणार," नामुकोलो पुटपुटली.

"कसली गर्दी? दिवा हिरवागार आहे!" बा चिलेशे कडाडले. "तूच काहीतरी उचापत करून ठेवली असशील!"

माझा जीव कासावीस झाला. माझी तार खरंच शांत होती, आणि तिकडे बाई मरत होती!

नामुकोलो माझ्याकडे टक लावून बघत राहिली. एकदम तिने कपाळावर हात मारला. "अहो बा चिलेशे, हा बिचारा दाराबाहेर बसलाय! आतले चौघं आपसात बोलले तर ते तारेवर येतच नाही. याला काय डोंबल दिसणार?"

तिने भराभर आतल्या आभासी जोडणीवरच्या माहितीची एक प्रत माझ्याकडे वळवली. बाप रे! मी क्षणात लालभडक झालो. बॅकअप घेणारा संगणक निकालांच्या संगणकाला नुसता ओरबाडत होता. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून 'वीज आली की लगेच बॅकअप' असं खुद्द बा चिलेशेंनीच ठरवून दिलं होतं.

"थांबव ते," ते खालच्या आवाजात म्हणाले.

निकाल उघडले. पिशवी धावतपळत गेली. संध्याकाळी निरोप आला, म्वांगला वाचली.

मित्रांनो, आम्हा जुन्यांची निगा राखा, आमची धूळ पुसा. पण आमचा हिरवा दिवा बघून निर्धास्त होण्याआधी, नामुकोलो आता मला रोज विचारते तेवढं विचारा: "बाबा रे, तुला कुठवर दिसतंय?"