गजांशी उभी मुलगी

"सई, हात नको लावू हं. ते काका रागावतील," गार्डकडे बघत नीलांबरी पुटपुटली. सईनं निमूट हात मागे घेतला.

तिला नागपूरहून आणून महिना होत आला होता. नवऱ्याचा, परीक्षितचा जॉब गेला, व्हिसा टांगणीला लागला, तेव्हा तान्ह्या सईला नीलांबरीनं मोठ्या बहिणीकडे, आश्लेषाकडे ठेवलं होतं. थोडे दिवस म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. आश्लेषाचा मुलगा अक्षत तिला आई म्हणायचा, ते ऐकून सईही म्हणायला लागली. नीलांबरी झाली मम्मा, फोनमधली.

म्हणूनच इथं आल्यापासून आश्लेषाचे व्हिडिओ कॉल तिनं बंद केले होते. "सेटल होऊ दे यार आधी," परीक्षितही म्हणाला होता. लाँग वीकेंडला तिघं घरून, पार्सिपनीहून वॉशिंग्टनला आले, तेही सईनं जरा मोकळं व्हावं म्हणून. परीक्षित अजून पार्किंग शोधत होता आणि म्युझियममध्ये सई एका चित्रापुढून हलायला तयार नव्हती.

दीडशे वर्षांपूर्वीचं पॅरिस. लोखंडी गजांना टेकून गडद निळ्या झग्यातली एक बाई बसलेली, मांडीवर पुस्तक आणि पेंगुळलेलं कुत्र्याचं पिल्लू. शेजारी एक मुलगी, आपल्याकडे पाठ करून, गज धरून उभी. पलीकडे आगगाडीची नुसती वाफ.

"बघ, आई आणि तिची मुलगी," नीलांबरी मुद्दाम म्हणाली.

"ही आई नाहीये."

"मग कोण?"

"आई गाडीतून गेली. ही फक्त सांभाळते." सईची नजर चित्रावरच होती. "हिला पण फोन देत नाहीत. मम्मा, हिनं मस्ती केली का?"

महिनाभर ही पोर मुकाट जेवत होती, मुकाट झोपत होती. आणि नीलांबरी मात्र सगळ्यांना सांगत सुटली होती, किती शहाणी झालीय म्हणून.

तिनं सईला उचललं, बाहेरच्या बाकावर बसवलं आणि नागपूरला फोन लावला.

"काय गं? सई बरी आहे ना?" आश्लेषानं घाईघाईनं विचारलं.

सईनं फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. "आई, मी आता मस्ती नाही करणार. तू ये ना."

"अगं बाळा, आई नाही... मी मावशी..." आश्लेषा समजावू लागली.

"राहू दे ताई," नीलांबरी म्हणाली. "तू आईच आहेस तिची. बोल तिच्याशी."

आणि सईचं जॅकेट छातीशी धरून ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली.